गावात ढाळ-उलटीची साथ लागली तर: पहिल्या रुग्णापासून शेवटच्या नळापर्यंत काय करायचे

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले की गटारांचे, उकिरड्यांचे आणि शेतातले पाणी विहिरींत उतरते, फुटक्या पाइपात शिरते, आणि आठवड्याभरात कुठल्या तरी वस्तीत ढाळ-उलटीचे रुग्ण दिसू लागतात. बोलताना आपण सगळ्यालाच गॅस्ट्रो म्हणतो. त्यामागे पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू असेल, ई-कोलाय असेल, रोटासारखा विषाणू असेल किंवा कॅम्पिलोबॅक्टर. जंतू कोणता हे प्रयोगशाळेतून कळायला दोन-तीन दिवस लागतात. पटकीचा रुग्ण तेवढ्या वेळात दगावू शकतो, कधी कधी काही तासांतच. म्हणून अहवाल यायच्या आधीच दोन कामे सुरू व्हायला हवीत: रुग्णाच्या शरीरात पाणी परत घालणे आणि गावाच्या पाण्यात क्लोरीन घालणे. दोन्ही मोजूनमापून करायची असतात. अंदाजाने केली की फसतात.

हा लेख आशा, ग्रामपंचायत सदस्य, जलसुरक्षक, शिक्षक आणि गावातल्या जाणत्या तरुणांसाठी आहे. सलाईन व औषधांचा भाग वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांचा आहे. पण तिथे काय व्हायला हवे हे नातेवाइकांनाही माहीत असलेले बरे.

साथ आहे हे कधी ओळखायचे

चोवीस तासांत तीन किंवा अधिक पातळ शौचाला ढाळ म्हणायचे. पावसाळ्यात एखाददुसरे मूल आजारी पडतेच. पण खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर त्याच दिवशी उपकेंद्राला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

एकाच वस्तीत किंवा एकाच नळाच्या लाइनवर नेहमीपेक्षा जास्त रुग्ण दिसणे, ही पहिली खूण. दुसरी जास्त महत्त्वाची आहे: धडधाकट मोठ्या माणसाला पाण्यासारखे ढाळ होऊन तो काही तासांत गळून पडणे. लहान मुलांना ढाळाने शुष्कता येण्याची, म्हणजे शरीरातले पाणी कमी होण्याची, कारणे अनेक असतात. पण पाच वर्षांवरच्या माणसाला ढाळाने गंभीर शुष्कता आली किंवा मृत्यू झाला, तर तो एकटा रुग्णही पटकीची शंका घ्यायला पुरेसा आहे. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, घाण वास नसलेले ढाळ, पोटात फारशी कळ नाही, ताप नाही, पिंडऱ्यांत गोळे येतात, आवाज बसतो, हे पटकीचे चित्र. जंतू पोटात गेल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत लक्षणे दिसतात. याउलट ताप, मुरडा आणि शौचातून आव-रक्त पडणे ही हगवणीची लक्षणे. तिचा उपचार वेगळा असतो.

लपवाछपवीमुळे सर्वांत जास्त नुकसान होते. गावाचे नाव खराब होईल, यात्रा रद्द होईल, लग्न पुढे ढकलावे लागेल, या भीतीने दोन दिवस गप्प बसले जाते. खासगी डॉक्टरकडे सलाईन लावून घेतलेले रुग्ण सरकारी नोंदीत येतच नाहीत. म्हणून आरोग्यसेवकाने गावातल्या आणि बाजारगावातल्या खासगी दवाखान्यांत आणि औषधाच्या दुकानांतही विचारायला हवे: गेल्या तीन दिवसांत ढाळाचे किती रुग्ण आले, ओआरएसची पाकिटे आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या अचानक जास्त खपल्या का?

रुग्णाकडे पाहताना: चार खुणा

ढाळाचा रुग्ण जंतूमुळे जेवढा मरत नाही तेवढा पाणी आणि क्षार गेल्यामुळे मरतो. म्हणून आधी शुष्कता मोजायची. चार गोष्टी बघा. रुग्ण शुद्धीवर आणि सावध आहे का? डोळे खोल गेलेत का? पाणी दिल्यावर कसे पितो? आणि चौथी, कातडीची चिमटी. बेंबी आणि कुशी यांच्या मधल्या जागी पोटाची कातडी अंगठा आणि तर्जनीत उभी धरून सोडा आणि ती किती वेळात सपाट होते ते बघा.

रुग्ण सावध आहे, नेहमीसारखे पाणी पितो, चिमटी लगेच सपाट होते: शुष्कता नाही. चिडचिड, अस्वस्थपणा, डोळे खोल, घटाघटा पाणी पितो, चिमटी हळू जाते, यांतली दोन लक्षणे असतील तर मध्यम शुष्कता. आणि सुस्त किंवा बेशुद्ध, डोळे खोल, पिताच येत नाही, चिमटी दोन सेकंदांहून जास्त टिकते, यांतली दोन असतील तर गंभीर शुष्कता. मोठ्या माणसाच्या मनगटाची नाडी लागत नसेल तर बाकी काही तपासत बसू नका, तो गंभीरच आहे. १०८ ला फोन करा.

चिमटीची खूण दोन ठिकाणी फसवते. म्हाताऱ्या माणसाची कातडी एरवीही सैल असते आणि कुपोषित बाळाचीही. तिथे चिमटी गंभीर वाटते पण शुष्कता नसूही शकते. उलट गुटगुटीत बाळात चिमटी लगेच सपाट होते आणि शुष्कता लपते. अशा वेळी आईला विचारा, शेवटची लघवी कधी झाली? सहा तासांत लघवी नसेल तर गांभीर्याने घ्या.

जलसंजीवनी: किती, कशी

एक लिटरच्या ओआरएस पाकिटात सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. हे प्रमाण ठरवून केलेले आहे. आतड्यात साखर आणि मीठ एकाच वाटेने एकत्र आत ओढले जातात आणि त्यांच्या मागे पाणी जाते. पटकीतसुद्धा ही वाट बंद होत नाही. साखर जास्त झाली तर उलट पाणी आतड्यात खेचले जाते आणि ढाळ वाढतात.

म्हणून अख्खे पाकीट एकदम, पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धे पाकीट पेल्यात टाकायचे आणि उरलेले चुरगळून ठेवायचे, ही घरोघरी दिसणारी चूक आहे. पावडर ओलसर होते आणि प्रमाण कुणालाच सांगता येत नाही. दोनशे मिलिलिटरची लहान पाकिटेही बाजारात मिळतात. तेव्हा पाकिटावरचे वाचा. लिटरची बाटली मोजायला सोपी. पाणी उकळून गार केलेले किंवा क्लोरीन घातलेले घ्या. पावडर घातल्यावर द्रावण उकळू नका. चोवीस तासांनंतर उरलेले ओतून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडले तर लहान मुलाला अपाय होतो. चाखून बघा, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागता कामा नये.

दुकानात फळांच्या चवीची गोड पेये ओआरएससारख्या खोक्यात वर्षानुवर्षे विकली गेली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. ढाळ लागलेल्या मुलाला ती देऊ नका, शीतपेयेही नकोत.

शुष्कता नसेल तर घरीच: दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक ढाळानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिलिलिटर, मोठ्यांना मागतील तेवढे. मध्यम शुष्कतेत वजनाच्या प्रत्येक किलोमागे ७५ मिलिलिटर, चार तासांत. म्हणजे दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर आणि पन्नास किलोच्या माणसाला पावणेचार लिटर. हा आकडा ऐकून नातेवाईक दचकतात आणि निम्म्यावर थांबतात. थांबू नका. मोठ्या माणसाला दर बारा मिनिटांना दोनशे मिलिलिटरचा एक पेला. दोन वर्षांखालच्या मुलाला पेल्याने पाजू नका. चहाचा एक चमचा दर एक-दोन मिनिटांनी, आणि घड्याळ समोर ठेवून. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा आणखी सावकाश सुरू करा. उलटी होते म्हणून पाणीच बंद करायचे, या एका समजुतीने किती मुले गेली असतील याची गणती नाही. चार तासांनी पुन्हा त्याच चार खुणा तपासा.

आईचे दूध एक वेळही बंद करू नका. चार तासांची पहिली फेरी झाली की पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, ताक, केळे सुरू करा. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चौदा दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. ढाळ दोन दिवसांत थांबले तरी चौदा दिवस पुरे करा, कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांतले ढाळ त्याने कमी होतात. जुलाब बांधून ठेवणाऱ्या लोपेरामाइडसारख्या गोळ्या मुलांना कधीच नाहीत, आणि रक्त पडत असेल तर मोठ्यांनाही नाहीत.

हे काम घरच्या माणसांना जमते हे केव्हाच सिद्ध झाले आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाची पिंपे भरून ठेवली आणि नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्यूदर चार टक्क्यांच्या खाली आला.

गंभीर रुग्ण: सलाईन थेंबथेंब नको

गंभीर शुष्कतेत रिंगर लॅक्टेट, म्हणजे आरएल, किलोमागे १०० मिलिलिटर. एक वर्षावरच्या सर्वांना त्यातले ३० मिलिलिटर पहिल्या अर्ध्या तासात आणि उरलेले ७० पुढच्या अडीच तासांत. वर्षाच्या आतल्या बाळाला तेच ३० एका तासात आणि ७० पुढच्या पाच तासांत. पन्नास किलोच्या माणसाचा हिशेब मांडून बघा: अर्ध्या तासात दीड लिटर, म्हणजे पाचशेच्या तीन बाटल्या, मग अडीच तासांत आणखी सात. एकूण दहा. बारीक सुईतून एवढे जात नाही. मोठ्या माणसाला १८ नंबरची किंवा त्याहून जाड सुई लावा, शक्यतो दोन्ही हातांना. एक बाटली लावून तासभर टपटपत ठेवली तर रुग्णावर उपचार झाल्यासारखे दिसते, पण नाडी परत येत नाही आणि मूत्रपिंड बंद पडते.

आरएल नसेल तर नॉर्मल सलाईन चालते. नुसते ग्लुकोजचे पाच टक्के सलाईन चालत नाही. त्यात मीठच नसते. पहिल्या ३० मिलिलिटरनंतरही नाडी क्षीण असेल तर तोच डोस पुन्हा द्या. रुग्णाला घोटभर पिता येऊ लागले की सलाईन चालू असतानाच ओआरएस सुरू करा, कारण आरएलमध्ये पोटॅशियम पुरेसे नसते. शीर सापडत नसेल आणि मोठे रुग्णालय अर्ध्या तासाहून दूर असेल तर नाकातून नळी घालून ओआरएस, ताशी किलोमागे २० मिलिलिटर, सहा तास. रुग्णवाहिकेतही शुद्धीवर असलेल्याला पाजत राहा. तीव्र कुपोषित बालकांना मात्र हे वेगाचे सलाईन देऊ नये; हृदयावर ताण येतो. मेळघाट, नंदुरबार, पालघर अशा भागांत दंडाचा घेर मोजल्याशिवाय बालकाचा हिशेब लावू नका. घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असेल तर त्याचा उपचार वेगळा आणि सावकाश.

पटकीच्या गंभीर रुग्णाला वैद्यकीय अधिकारी प्रतिजैविकाचा एक डोस देतात: मोठ्यांना डॉक्सिसायक्लिन ३०० मिलिग्रॅम किंवा अझिथ्रोमायसिन एक ग्रॅम. त्याने ढाळाचे दिवस कमी होतात. पण सगळ्या गावाला गोळ्या वाटणे टाळा. साथ त्याने थांबत नाही, जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि लोकांना वाटते की औषध घेतले, आता पाणी कसेही चालेल.

शौचाचा नमुना प्रतिजैविक देण्याआधी घ्या. पहिल्या पाच-दहा रुग्णांचे नमुने पुरतात. कॅरी-ब्लेअर या नमुना टिकवणाऱ्या माध्यमात कापसाची काडी बुडवून, नाव-तारीख लिहून, साध्या तापमानाला पाठवा. फ्रीजमध्ये किंवा बर्फात ठेवू नका. पटकीचा जंतू थंडीत मरतो आणि अहवाल निगेटिव्ह येतो.

यादी आणि नकाशा

साधी शंभर पानी वही घ्या. रकाने असे: नाव, वय, घर आणि वस्ती, ढाळ सुरू झाल्याची तारीख व वेळ, पिण्याचे पाणी कुठले, गेल्या तीन दिवसांत कुठल्या कार्यक्रमात जेवण, शुष्कता कोणती, नमुना घेतला का, पुढे काय झाले. सर्वेक्षणात हीच वही उपयोगी पडते. आकडे नंतर शासकीय पोर्टलवर जातात.

मग गावाचा हाताने काढलेला नकाशा. त्यावर घरे, विहिरी, हातपंप, टाकी, व्हॉल्व्ह, गटारे, आणि प्रत्येक रुग्णाच्या घरावर लाल ठिपका. बऱ्याचदा वीस-पंचवीस ठिपके पडले की एका व्हॉल्व्हच्या खालच्या गल्ल्या लाल होतात आणि वरच्या कोऱ्या राहतात. जेवणातून झालेली बाधा वेगळी दिसते. एका समारंभाला गेलेले सगळे काही तासांत किंवा एका दिवसात आजारी पडतात आणि नंतर नवे रुग्ण जवळजवळ येत नाहीत. पाण्याची साथ दिवसेंदिवस चालू राहते आणि लहानथोर सगळ्यांना गाठते.

ठिपका नसलेल्या घरांनाही विचारा. रुग्णांच्या मधोमध एखादे घर ठणठणीत असेल तर ते पाणी उकळतात, की त्यांचा स्वतःचा बोअर आहे? उत्तर बहुधा तिथेच सापडते.

विहिरीचे शुद्धीकरण: हिशेब आणि हातोटी

आधी विहिरीतले पाणी मोजा. दोराला दगड बांधून पाण्याची खोली घ्या आणि पट्टीने व्यास, दोन्ही मीटरमध्ये. सूत्र: व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ३.१४, भागिले ४; येईल त्याला १००० ने गुणा, म्हणजे लिटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर २८,२६० लिटर.

चांगल्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे प्रमाण रोजच्यासाठी हजार लिटरला ५ ग्रॅम. वरच्या विहिरीला १४१ ग्रॅम. साथ चालू असताना आणि पाणी गढूळ असताना दुप्पट, म्हणजे २८० च्या घरात. हे सुरुवातीचे माप. खरे माप ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून मोजणारी चाचणी, सांगते. टीसीएल ताजे असते तेव्हा त्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, पण गोण तोंड उघडी ठेवून ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलीत पडली की काही आठवड्यांत तो घसरतो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नका. गोळे झालेली, डोळ्यांना न झोंबणारी पावडर निकामी झाली असे समजा आणि नमुना तपासणीला पाठवा. साठवण प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी. लोखंडाच्या डब्यात नको. शौचालयाच्या ॲसिडजवळ तर मुळीच नको: दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत जीव घेऊ शकतो.

आता कृती. नाकातोंडाला फडके बांधा, वाऱ्याकडे पाठ करा. प्लॅस्टिकच्या बादलीत १०० ग्रॅमहून जास्त पावडर घेऊ नका. २८० ग्रॅमसाठी तीन बादल्या. थोडे पाणी घालून काठीने कालवत लापशी करा, गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा. पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवा. चुना तळाशी बसतो आणि वर निवळी राहते. ती हळूच दुसऱ्या बादलीत ओता. खालचा चुना विहिरीत टाकू नका. त्यात क्लोरीन उरलेला नसतो, पाणी मात्र जड होते. तो खड्ड्यात पुरा.

निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडा आणि दोराला झटके देत खाली-वर, डावी-उजवीकडे फिरवा, म्हणजे निवळी सगळ्या खोलीत मिसळते. वरून पावडर फेकली तर ती एका कोपऱ्यात तरंगते. वरच्या पाण्याला उग्र वास येतो, तळ कोरा राहतो आणि लोक वास आला म्हणून दुसऱ्या विहिरीवर जातात. एक तास कुणाला पाणी भरू देऊ नका. रात्री टाकलेले सर्वांत उत्तम: सकाळपर्यंत काम होते आणि वासही कमी होतो. रहाटाने किंवा पंपाने दिवसभर उपसा होणाऱ्या विहिरीत साथीच्या काळात सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा टाकावे लागते. पाणी फार गढूळ असेल तर आधी गाळ बसू द्या, नाहीतर क्लोरीन मातीच खाऊन टाकते.

ओटी टेस्ट: खरी परीक्षा टोकाच्या नळावर

तासाभराने नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, किटवर सांगितलेले थेंब टाका आणि दहा सेकंदांच्या आत पिवळा रंग तक्त्याशी ताडून बघा. उन्हात धरू नका, सावलीत बघा. उशिरा बघितले तर इतर संयुगांतला क्लोरीनही रंग देतो आणि पाणी चांगले वाटते. नेहमीच्या दिवसांत ग्राहकाच्या नळावर निदान ०.२ मिलिग्रॅम आणि साथीत ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर हवा. टँकर भरताना त्याहून बराच जास्त ठेवा, कारण वाटेत आणि पिंपात तो कमी होतो. ओटीचे रसायन विषारी आहे. नळी गटारात रिकामी करा, हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका.

चूक अशी होते की टाकीखालच्या पहिल्या नळावर टेस्ट घेतली जाते, ती पिवळी येते आणि रजिस्टर भरले जाते. टेस्ट सर्वांत लांबच्या, चढावरच्या, गटाराशेजारच्या नळावर घ्या. टाकीत ०.७ आहे आणि मधल्या गल्लीनंतर अचानक शून्य येतो, तर त्या मधल्या तुकड्यात कुठेतरी घाण आत येते आहे आणि क्लोरीन तिच्यावर खर्च होतो आहे. ओटीची नळी घेऊन लाइनवर नळामागून नळ चालत गेले तर गळती पन्नास-शंभर मीटरच्या टप्प्यात पकडता येते.

मग पाणी सोडणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन तो टप्पा पायी बघा. आपल्याकडे नळाला तास-दोन तास पाणी येते आणि बाकी वेळ पाइप रिकामा असतो. पाणी बंद झाले की पाइपात पोकळी होते आणि फुटलेल्या जागेतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. कुणी नळाला थेट मोटर लावली तर ती पोकळी अनेक पटींनी वाढते. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचले आहे का? पाइप गटारातून किंवा गटाराखालून जातो का? पाणी कमी दाबाने येते म्हणून घरासमोर खड्डा खणून नळ जमिनीखाली घेतला आहे का? पाणी सुटताच पहिली पाच मिनिटे गढूळ येते का? पहिले गढूळ पाणी सोडून द्यायला सांगा. दोषी तुकडा व्हॉल्व्ह बंद करून तोडा, तेवढ्या गल्ल्यांना टँकर द्या, दुरुस्ती करा, लाइन जास्त क्लोरीनच्या पाण्याने भरून धुऊन काढा आणि मगच सुरू करा.

पर्यायी पाणी न देता विहिरीवर किंवा नळावर नुसती बंदी घालू नका. २०२२ च्या जुलैमध्ये मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारीला पटकी पसरली, तेव्हा लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते. चांगले पाणी दाराशी नसेल तर माणसे जवळच्या पाण्याकडे जातातच.

घरात

पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट. इंधन नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरसारखे द्रावण. मात्रा पाकिटावर दिलेली असते, कारण ती गोळीगणिक बदलते. अर्धा तास झाकून ठेवून मग प्या. पाणी फडक्यातून गाळल्याने जंतू जात नाहीत, गाळ जातो. शुद्ध केलेले पाणी तोंड अरुंद असलेल्या भांड्यात ठेवा, नाहीतर लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. हात बुडाला की सगळी मेहनत वाया. शौचानंतर, रुग्णाचे काढल्यानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात. घरातला दुसरा रुग्ण बहुधा पहिल्याची सेवा करणाऱ्यातलाच असतो.

रुग्णाच्या घाणीसाठी तीन ताकदींची द्रावणे करा, ३० टक्क्यांच्या टीसीएलने. ढाळ-उलटीवर आणि मृतदेहासाठी दोन टक्के: लिटरला ६६ ग्रॅम. फरशी, खाट, चप्पल यांसाठी ०.२ टक्के: दहा लिटरला ६६ ग्रॅम. हातांसाठी ०.०५ टक्के: दहा लिटरला १६ ग्रॅम. डब्यांवर मोठ्या अक्षरात लिहा. दोन टक्क्यांचे द्रावण हाताला लागले तर कातडी सोलते. घाण शौचालयात किंवा विहिरीपासून तीस मीटरहून लांब खड्ड्यात. कपडे ओढ्यावर, विहिरीच्या काठावर धुवू नका. पटकीने मृत्यू झाल्यास अंघोळ घालणारी माणसे कमीत कमी ठेवा, हातमोजे वापरा, आणि त्या घरी त्या दिवशी सामूहिक जेवण करू नका.

साथ ओसरल्यावर राहिलेले

शेवटच्या रुग्णानंतर निदान दहा दिवस घरोघरी फेरी चालू ठेवा. पटकीची लक्षणे दिसायची मुदत पाच दिवसांपर्यंतची, तिच्या दुप्पट. पण दोन आजार त्याही पुढे डोके वर काढतात.

पहिला, ढाळानंतर एक ते तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या, जिना चढता न येणे, अशक्तपणा खालून वर सरकणे. हा गुलियन बॅरे, नसांचा आजार. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात असे रुग्ण एकदम वाढले आणि काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. अशा माणसाला अशक्तपणा समजून टॉनिक देऊ नका. श्वासाचे स्नायू पकडले जाऊ शकतात, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

दुसरा, कावीळ. ज्या गळतीतून ढाळ आले तिच्यातूनच ई प्रकारच्या काविळीचा विषाणू येऊ शकतो, आणि त्याची लक्षणे दिसायला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत लागतात. इचलकरंजीत २०१२ साली अशी मोठी साथ आली होती. गरोदर बाईला ही कावीळ, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतते. म्हणून वहीत गरोदर महिलांची वेगळी यादी करा आणि पुढचे दोन महिने दर आठवड्याला लघवी पिवळी, भूक गेली, मळमळ अशी विचारपूस करा.

वही जपून ठेवा. पुढच्या मे महिन्यात टीसीएलची मागणी नोंदवताना तिच्यातूनच हिशेब निघतो: पन्नास हजार लिटरची टाकी दिवसातून एकदा भरत असेल तर रोज २५० ग्रॅम, महिन्याला साडेसात किलो, साथीत पंधरा. दोन महिन्यांचा साठा जूनच्या आधी गावात असावा, पण त्याहून जास्त नको, कारण पडून राहिलेली पावडर कामाची राहत नाही.